खाणीतलं पाणी उतरत होतं

मी हे लिहू नये, असं आमच्या ह्यांचं मत आहे. "लोक चघळत बसतील," म्हणाले.

पण ज्यांच्या बाबतीत हे घडलं त्या माझ्या नणंदबाई स्वतःच म्हणाल्या, "लिही. फक्त मी सांगितलं तसं लिही. मीठमसाला लावू नकोस."

म्हणून पदरचा एक शब्दही घातलेला नाही.

हे खरं घडलंय. गेल्या हिवाळ्यात, नदीकाठच्या बंद पडलेल्या खडीच्या खाणीत. आणि रात्री नाही हं. सकाळी साडेसहा ते सातच्या दरम्यान. रोज.

नणंदबाईंना आम्ही सगळे ताई म्हणतो. त्यांचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, त्या खाणीवर पंपाचं काम बघायचे. आमचे हे तेव्हा तिथेच वजनकाट्यावर होते. हे त्यांना दाजी म्हणायचे, म्हणून ड्रायव्हरही म्हणायला लागले, मग मजूर, मग साहेब. दाजी हसून म्हणायचे, "एकच बायको केली आणि साठ मेव्हणे गळ्यात पडले."

खाण नदीला अगदी खेटून होती. मध्ये फक्त मातीचा एक बांध. खड्डा नदीच्या तळापेक्षाही खोल गेलेला, त्यामुळे पाणी सतत झिरपायचं. ते उपसत राहायचं, हे दाजींचं काम. खड्ड्याच्या तळाशी पत्र्याची एक शेड, तिच्यात डिझेलचं जुनं इंजिन. त्या इंजिनाला एक खोड होती. ढक्... ढक्... ढक्... ढक्... आणि मध्येच एक ठोका गाळायचं. दाजी म्हणायचे, "म्हातारं झालंय. दम खातं."

तीन वर्षांपूर्वी पूर आला. भर दुपारी बांध फुटला.

खाणीतली सोळा माणसं वर आली.

दाजी आले नाहीत.

पाणबुडे दोनदा उतरले. पाणी इतकं गढूळ, की स्वतःचा हात दिसत नव्हता. शेड सापडली नाही. इंजिन सापडलं नाही. दाजीही नाहीत. पूर ओसरला आणि खाणीच्या जागी एक मोठं, मुकं तळं उरलं.

ताईंना सांगण्यात आलं, की पळताना ते वाहून गेले.

एकदा माझ्याकडे भांडी विसळता विसळता ताई अगदी सहज म्हणाल्या होत्या, "मला एक हाड दिलं तरी चालेल गं. हातात धरून रडायला काहीतरी पाहिजे."

मी नळ बंद करून त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांनी पुढचं ताट घेतलं.

मागच्या वर्षी त्या खाणीची पाणथळ जागा करायचं ठरलं. म्हणजे काय, तर खड्ड्याचे उभे कडे कापून उतरते काठ करायचे, काठावर पाणवनस्पती लावायच्या आणि मधला खोल खड्डा माती टाकून उथळ करायचा. मग पुढच्या पुराला पसरायला जागा मिळते. पाणी येतं, विसावतं, निघून जातं. पक्षी येतात. कामावर एक इंजिनिअर बाई होत्या, सगळे त्यांना मॅडमच म्हणायचे.

रोपं वाढवायला बायका हव्या होत्या. ताई पहिल्याच दिवशी जाऊन उभ्या राहिल्या.

लोक म्हणाले, त्या जागेचं तोंड तरी कसं बघवतं हिला?

ताईंनी मॅडमना एकच प्रश्न विचारला. "मधला खड्डा कधी भरणार?"

"सगळ्यात शेवटी. उन्हाळ्याच्या आधी."

म्हणजे त्यांच्याकडे चार महिने होते. एकदा माती पडली, की दाजी कायमचे तिच्याखाली.

ताई कामाला चोख. दोन महिन्यांत मॅडमनी त्यांच्याकडे पाण्याची वही दिली. खाणीत एक उंच पट्टी रोवलेली होती, आकडे लिहिलेली. रोज सकाळी साडेसहाला जायचं, पाणी कुठल्या आकड्याला टेकलंय ते बघायचं आणि वहीत लिहायचं.

काम दिसायला एवढंसं. पण सगळं त्या आकड्यावर चालायचं. लव्हाळे घोटाभर पाण्यात लावायचे, पाणकणीस गुडघाभर पाण्यात. आणि मुख्य म्हणजे काठ. मॅडमनी सगळ्यांना गोळा करून समजावलं होतं. भिजलेल्या काठाला पाणीच टेकू देत असतं. ते भरभर उतरलं, की काठ ढासळतो. म्हणून नियम केला होता. एका दिवसात पाणी पाच सेंटिमीटरपेक्षा जास्त उतरलं, तर पोकलेन काठावर जाणार नाही.

पोकलेन चालवायचे मामा. जुन्या खाणीवरचेच ड्रायव्हर. खड्ड्याची नस न् नस त्यांना माहीत, म्हणून मॅडमनी त्यांना शोधून आणलं होतं. बोलायला कमी. ताईंच्या तर नजरेलाही नजर देत नसत. ताईंना वाटायचं, बिचाऱ्याला माझं दुःख बघवत नाही.

एका सोमवारी मामांचं मशीन पहिल्यांदा खड्ड्याच्या जुन्या उतारावरून खाली, पाण्याच्या कडेपर्यंत गेलं. आतला कडा कापायला सुरुवात झाली. त्याच दिवशी मॅडम दुसऱ्या कामावर गेल्या, दोन आठवड्यांसाठी. "ताई, आकडा तेवढा फोनवर सांगत जा," म्हणाल्या.

मंगळवारी सकाळी धुकं होतं.

ताई पट्टीजवळ गेल्या. आदल्या दिवशी तीन मीटर चाळीस होतं. आज...

तीन एकतीस.

त्यांनी पदराने आकडे पुसून पाहिले. तीन एकतीसच.

एका रात्रीत नऊ सेंटिमीटर. नदी तर जागच्या जागी होती.

मग त्यांच्या लक्षात आलं, की बेडूक गप्प आहेत. एकही ओरडत नव्हता. पाणकोंबडी नाही. वारा नाही. आणि त्या शांततेत, खूप खालून, पाण्याच्या पोटातून...

ढक्... ढक्... ढक्... ढक्...

एक ठोका गळला.

ढक्... ढक्...

ताई म्हणतात, "घाबरले नाही मी. तुला खोटं वाटेल. माझे पाय एकदम हलके झाले."

सात वाजता धुकं विरलं आणि आवाज थांबला. त्या जागेवर पंप नव्हता. आसपास कुठेच नव्हता.

त्या वही उघडून उभ्या राहिल्या. खरा आकडा लिहिला, तर काय होईल हे त्यांना पाठ होतं. मॅडम मशीन थांबवतील. खाण कुठून गळतेय ते शोधतील, चिकणमाती टाकून बुजवतील. पाणी उतरायचं थांबेल.

आणि दाजी तर खाली पाणी काढत होते. बोटाबोटाने. तळ उघडा करत होते.

मला सापडावेत म्हणून, ताईंना वाटलं.

त्यांनी लिहिलं, तीन चाळीस.

मॅडमना फोनवरही तेच सांगितलं. आयुष्यात कधी भाजीवाल्याशीसुद्धा खोटं न बोललेली बाई ती.

एक खोटं निभवायला मग दहा करावी लागली. काठावरचे लव्हाळे कोरडे पडायला लागले, तर त्या सगळ्यांच्या आधी येऊन झारीने त्यांना पाणी घालायच्या. कोणी पिवळं पान बघू नये म्हणून. रोपवाटिकेतली एक बाई होती, तिला सगळ्या रेडिओ म्हणायच्या. ती म्हणाली, "ताई, पाणी हटलंय का हो? माझ्या पाणकणसाचे गुडघे उघडे पडले."

"मॅडमना कळवलंय."

"काय म्हणाल्या?"

"हंगामाचं पाणी आहे, म्हणाल्या. तू कामाला लाग."

रेडिओ पहिल्यांदाच गप्प बसली.

रोज सकाळी तो आवाज. रोज पाणी आणखी खाली. एका रात्रीत बारा सेंटिमीटर. मग अठरा. मग पंचवीस. वहीत मात्र एका रांगेत तीन चाळीस, तीन चाळीस, तीन चाळीस.

दहाव्या दिवशी खड्ड्याच्या मध्यावर काहीतरी वर आलेलं दिसलं. गंजलेलं. टोकदार.

शेडच्या पत्र्याचा कोपरा होता तो.

तीन वर्षं ताई ज्याला शोधत होत्या, तो तिथे होता. डोळ्यांसमोर. आणखी दोन-तीन दिवसांत दार उघडं पडलं असतं.

अकराव्या दिवशी सकाळी मामांनी नेहमीसारखं मशीन काठावर घेतलं. मशीनला लागायच्या आधी ते रोज ताईंना विचारायचे, "आकडा?" आणि ताई सांगायच्या, "तोच."

त्या दिवशीही सांगितलं. उतरलेलं पाणी मामांनाही दिसत होतं, पण ताईंना पुन्हा विचारायची त्यांची छाती नव्हती.

वीस मिनिटांनी काठाला भेग पडली. मशीनच्या मागे. आधी बोटभर, मग हातभर. काठाचा तुकडा मशीनसकट पाण्याकडे कलायला लागला. ताई रोपांचा ट्रे टाकून धावल्या. मामांनी दारातून उडी मारली, भेगेच्या पलीकडे हात टेकले आणि गुडघ्यांवर रांगत वर आले.

मशीन तिरकं होऊन तसंच अडकून राहिलं.

मॅडम नेमक्या त्याच दिवशी परत आल्या होत्या. त्यांनी भेग पाहिली. पट्टी पाहिली. मग ताईंच्या हातातून वही घेतली.

"ताई, इथे एक मीटर दहा दिसतंय. वहीत तीन चाळीस कसं?"

"खोटं लिहिलं."

"किती दिवस?"

"अकरा."

मॅडमचा आवाज चढला नाही. "मामा मेले असते."

"हो," ताई म्हणाल्या. दुसरं काय बोलणार?

मामा जमिनीवर बसले होते. तळहात सोलवटलेले. मान वर न करता ते म्हणाले, "इंजिन ऐकू येतं म्हणून लिहिलं नाही ना?"

ताई त्यांच्यासमोर खाली बसल्या. "तुम्हालाही येतं?"

"पहिल्या दिवसापासून. मला वाटलं, माझंच डोकं फिरलंय. माझं फिरायलाच पाहिजे खरं तर."

मग मामा बोलले. तीन वर्षांचं एकदम.

"दाजी पळताना वाहून गेले नाहीत, ताई. ते पळालेच नाहीत. बांध पाझरायला लागला तेव्हा खड्ड्याच्या टोकाला मी एकटा होतो, मशीन घेऊन. त्यांनी शेडमधून हात केला. तू निघ, मी पाणी धरून ठेवतो. पुढचा रस्ता भिजला होता, म्हणून मी मागच्या उतारावरून वर आलो. त्यांना तो उतार दिसत नाही. त्यांना वाटलं, मी अजून खालीच आहे."

"मग?"

"वर सगळे फाटकाजवळच्या खोलीत होते. कोणीतरी माझ्या हातात चहा दिला. खालून इंजिन ऐकू येत होतं. प्रत्येकाला ऐकू येत होतं. प्रत्येकाला वाटलं, दुसरं कोणीतरी दाजींना सांगायला गेलंय. दहा मिनिटं होती, ताई. निदान दहा. मी चहा संपवला."



ताईंनी खड्ड्याकडे बघितलं. त्या जुन्या उताराकडे. मग हळूच म्हणाल्या, "पाणी कधीपासून उतरतंय, माहितीये? तुमचं मशीन ज्या दिवशी खाली गेलं, त्या दिवसापासून."

ते ताईंसाठी तळ उघडा करत नव्हते.

खाली माणूस होता. म्हणून पंप चालू होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला तिघं पट्टीजवळ उभे होते. मॅडमना यायची काही गरज नव्हती. "मला काही ऐकू येत नाही हो," त्या म्हणाल्या, पण निघूनही गेल्या नाहीत.

शेड अर्ध्याच्या वर उघडी पडली होती. दाराची चौकट दिसत होती. चौकटीच्या आत काळंभोर. पाणी अजून कमरेइतकं असेल.

ढक्... ढक्... ढक्...

"सांगू का त्यांना?" मामांनी विचारलं.

"थांबा."

मामा थांबले.

"दोनच दिवस," ताई म्हणाल्या. "दोन दिवसांत आत जाता येईल मला."

"तुम्ही म्हणाल तसं. मी काय, तीन वर्षं थांबलोच होतो."

इंजिन आज जड चाललं होतं. खूप ओझं ओढल्यासारखं. ठोके जास्त गळत होते. ताईंना तो माणूस दिसायला लागला. प्रत्यक्ष नाही, मनात. वाकलेला, एक हात इंजिनावर, पाणी घोट्यावर, मग गुडघ्यावर, मग छातीवर... आणि डोळे खड्ड्याच्या त्या टोकाला लावलेले, जिथे आता कुणीच नाही.

आणि आणखी दोन दिवस? आपल्याला एक हाड मिळावं म्हणून?

पट्टीच्या लोखंडावर त्यांनी मूठ आवळली.

"सांगा," ताई म्हणाल्या.

मामा पाण्याच्या अगदी कडेला गेले. दोन्ही हात तोंडाशी धरले.

"दाजी... मी वर आलोय. मागनं आलो, दाजी. सगळे वर आलेत. खाली कोणी नाही. तुम्ही या आता."

ढक्... ढक्...

एक ठोका गळला.

ताई पुढच्या ठोक्याची वाट बघत होत्या.

तो आला नाही.

त्या शांततेत मॅडमनी, ज्यांना इतका वेळ काहीच ऐकू येत नव्हतं, दचकून वर पाहिलं.

"काय बंद झालं?" त्यांनी विचारलं.

त्या दिवशी पाऊस नव्हता. रात्रीही नाही. वरच्या अंगाला कुठे पाणी सोडल्याची खबर नाही. दुसऱ्या दिवशी पट्टीवर आकडा होता तीन मीटर चाळीस. एक सेंटिमीटर इकडे नाही की तिकडे नाही. शेड पुन्हा पाण्याखाली. जणू पाणी कधी हललंच नव्हतं. फक्त तिरकं अडकलेलं पोकलेन आणि काठाची भेग तेवढी जागेवर होती.

मॅडमनी अहवालात लिहिलं, पट्टी सरकली असावी. दुसरं लिहिणार तरी काय?

पण त्यांनी एक केलं. शेड कुठे आहे हे आता माहीत होतं. भराव टाकायच्या आधी त्यांनी पाणबुडे बोलावले. पाणी या वेळी नितळ होतं. तीन दिवस ते खाली-वर करत होते. शेड सापडली. पाइप सापडला. इंजिन बसवलेला सिमेंटचा ओटा सापडला.

इंजिन नव्हतं.

आणि शेडमध्ये कोणी नव्हतं. हाडसुद्धा नाही.

दोन दिवस थांबल्या असत्या, तर ताईंना ते सापडले असते का? की आधीही तिथे काहीच नव्हतं? हे आता कोणीच सांगू शकत नाही.

उन्हाळ्याच्या आधी खड्डा भरला. मामांनी ते काम नाकारलं, दुसऱ्या ड्रायव्हरने केलं. मॅडमनी ताईंना काढलं नाही. वही मात्र दुसऱ्या बाईकडे दिली, आणि ते बरोबरच केलं. या पावसाळ्यात नदी पुन्हा चढली. पाणी आत आलं, लव्हाळ्यांतून पसरलं, चार दिवस राहिलं आणि आल्या वाटेने निघून गेलं. कोणाच्या केसालाही धक्का लागला नाही.

हे सगळं मला ताईंनी गेल्या आठवड्यात सांगितलं. माझी मुलगी नुकतीच झोपली होती. ताई तिच्या झबल्यांच्या घड्या घालत होत्या. मी म्हटलं, "ताई, तुम्ही फार मोठं काम केलंत. दाजी सुटले."

त्यांनी मान हलवली. एक झबलं घडी केलं, उलगडलं, परत घडी केलं.

"मामांनी एकदा हाक मारली," त्या म्हणाल्या. "एकदाच. आणि ते थांबले."

"हो ना."

"मी अकरा दिवस मारत होते गं. रोज सकाळी. अहो, मी आलेय. अहो, ऐकताय ना? शेवटी शेवटी तर नावानेसुद्धा. जन्मात कधी घेतलं नव्हतं ते नाव." त्यांनी झबलं मांडीवर ठेवलं. "ठोका इकडचा तिकडे झाला नाही."

मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलले. "इंजिनाच्या आवाजात ऐकू नसेल आलं."

"मग मामांचं कसं आलं?"

मी उरलेली झबली माझ्याकडे ओढली.

तेव्हापासून एक झालंय. आमचे हे आतल्या खोलीत असले, मी हाक मारली आणि लगेच ओ आली नाही... तर मी दुसरी हाक मारत नाही.

हातातलं टाकून बघायला जाते.